चांद्यानं धरलेली वाट

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. माझे वडील शाळामास्तर. भूत म्हणजे अपचन, एवढंच त्यांनी आम्हाला शिकवलं. देव्हाऱ्यातल्या देवालासुद्धा मी आधी काम सांगते, मग नमस्कार करते. तेव्हा या मासिकाच्या वाचकांनी मला भोळी समजू नये... पण आमच्या चांद्यानं जे केलं, ते कुणीतरी मला समजावून सांगाच!

चांद्या म्हणजे आमचा बैल. आमचं गाव पोलादपूरच्या अलीकडे. लग्न होऊन आले तेव्हा कळलं — घरात भात आहे, दूध आहे, नवरा गुणी आहे, आणि तो रोज पितो. महाडहून येताना रस्त्यात दारूचा गुत्ता लागायचा. तिथं चांद्या आपला आपणच थांबायचा. कासरा ओढायचीही गरज नसे, इतकी सवय!

मला दिवस गेले तेव्हा माझा दादा येऊन बजावून गेला, "बाळंतपणाला नेतो. पण तोवर ह्यांचं पिणं सुटलं नाही, तर तुला परत पाठवणार नाही." ह्यांनी ते ऐकलं आणि मनापासून ठरवलं, सोडायची. मनापासून तर ते दर सोमवारी ठरवायचे!

बेलभंडार उचलून शपथ घेतली, ती मोडली. पुन्हा घेतली, पुन्हा मोडली. मग मी त्यांना दासगावच्या एका भजनी मंडळात धाडलं. आवाज गोड, मंडळी प्रेमळ... आणि भजन संपलं की सगळे देवळामागे ताडी घ्यायला हजर! मी कपाळाला हात लावला.

मग कळलं, महाडला दारूबंदीची सभा आहे. सकाळीच गाडी जुंपून दोघं गेलो. खुर्च्यांवर उपरणेवाले, टेबलावर फुलदाणी. एका वक्त्यानं ह्यांना उभं केलं आणि लोकांना म्हणाला, "पाहा, व्यसनाने मनुष्याची काय दशा होते!" अहो, धुतलेला सदरा घालून, केस विंचरून गेला होता माझा नवरा! बाहेर आले ते मान खाली घालूनच.

"आज गुत्त्यावर थांबू दे गो," गाडीत बसता बसता ते म्हणाले. "आज नाय म्हनू नको."

मी बोटांवर दिवस मोजले. दादा पुढल्या आठवड्यात यायचा होता.

गुत्ता आला. चांद्या थांबला नाही.

"हो! हो रे!" ह्यांनी कासरा खेचला, शिव्या घातल्या. चांद्या ढिम्म ऐकेना. जोडीचा बैल बिचारा त्याच्याबरोबर ओढला जात होता. फाट्यावर चांद्या घरचा रस्ता सोडून वळला तो थेट वरंधच्या रस्त्याला. त्या रस्त्याला तो जन्मात गेला नव्हता! आमच्याच गोठ्यात जन्मलेला. शेत आणि महाड, यापलीकडे त्यानं जग पाहिलंच नव्हतं.

"अहो, वळवा की!"

"वळवतोय ना! ह्यो बैल हाय का मामलेदार?"

बऱ्याच वेळानं गाडी एका वाडीच्या खळ्यात जाऊन थांबली. उन्हं कलली होती. आंब्याखाली पाच-सहा बाप्ये अंबाडीचा दोर वळत बसले होते. त्यांच्यातला एक म्हातारा उठला. सगळे त्याला तात्या म्हणत होते.

"कोन पावनं? कुठं निघाला?"

हे ओशाळून म्हणाले, "गुत्त्यावर जायचं व्हतं. बैलान हिकडं आनलं."

सगळे असे हसले, असे हसले! तात्या डोळे पुसत म्हणाला, "अरे, आमी सगले त्या गुत्त्याचेच! सोडली, म्हनून हितं बसतो. तुला बैलान आनला, मला म्हातारीन केरसुणी घेऊन आनला. बस. ही अंबाडी घे."

"शपथ घ्यायची काय?" ह्यांनी भीत भीत विचारलं.

"शपथ नको रे बाबा! शपथा आमी सगल्यांनी मोडल्यात. दोर वळ. पिन्याच्या येलेला हात रिकामा राह्यला की तोंडाकडं जातो. आजची येल टळली की झालं."

हे बसले. तिथं कुणी त्यांना उभं केलं नाही. एकजण सांगू लागला, प्यालेला असताना त्यानं सासऱ्यालाच चोर समजून बडवलं होतं. सगळे हसले, हेही हसले, आणि हसता हसता रडू लागले. कुणी 'गप' म्हणालं नाही. तात्याच्या म्हातारीनं माझ्या हातावर गूळखोबरं ठेवलं. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की तिथंच फुगडी घालावीशी वाटली. पोटामुळे राहिले!

पुढे हे आठवड्याच्या आठवड्याला तिकडे जाऊ लागले. बाकीच्या संध्याकाळी आमच्याच ओट्यावर दोर वळत बसत.

मला माहेरी न्यायला आला तेव्हा दादा म्हणाला, "त्या वाडीत एखादी गाय असेल, बैलाला वास लागला असेल." वाडीत नुसत्या शेळ्या होत्या! आमच्या शेजारच्या काशीनं मोठ्या आशेनं आपल्या नवऱ्यासाठी चांद्या मागून नेला. चांद्यानं त्याला नेऊन उभा केला तो सरळ गुत्त्याच्या दारात. शेवटी ह्यांनीच काशीच्या नवऱ्याला हाताला धरून तात्याकडे नेलं. चांद्याच्या कानाशी लागून मी कितीदा विचारलं, "कुणी सांगितलं रे तुला?" तो रवंथ करतो. मला आजही काही उमगलेलं नाही.

बाळंतपणानंतर न्यायला हे आले ते दादाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलले. दादानं आपल्या हातानं माझं बोचकं गाडीत ठेवलं. घरी पोचले तर आढ्याला पाळणा टांगलेला, ह्यांनी वळलेल्या अंबाडीच्या दोरांवर.

"ओढून बघ," हे म्हणाले.

मी दोन्ही हातांनी धरून लोंबकळून पाहिलं. मग लेकीला त्यात ठेवलं.