पारबता वहिनीची काळी बोटं

दादाचा फोन आला तेव्हा मी एका म्हाताऱ्याला मशीनसमोर उभं करून 'श्वास घ्या, धरून ठेवा' म्हणत होतो. खिशात फोन थरथरत होता, मी घेतला नाही. एक्स-रे झाला, म्हाताऱ्याला सदरा घालायला सांगितलं आणि मग पाहिलं तर दादाचे तीन कॉल. मी लावला. दादा म्हणाला, "बाबू, तुझी वयनी गेली." मागे गोंदियाच्या दवाखान्यातला गलका ऐकू येत होता, कुणीतरी 'साइड दो, साइड दो' म्हणत होतं. मी 'बरं' म्हणालो. असं ऐकून माणूस 'बरं' म्हणतो का? पण मी म्हणालो... आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आणखी दोन एक्स-रे काढले आणि मग स्टुलावर बसलो.

त्याला आता सहा आठवडे होत आले. गेलेल्या माणसाबद्दल पेपरात चांगलं लिहायचं असतं, एवढं मला कळतं, आणि वहिनीबद्दल वाईट लिहावं असं काही नव्हतंच. वाईट आहे ते माझं. ते आधी लिहिल्याशिवाय तिच्याबद्दल मला एक ओळ पुढे सरकता येत नाही.

आमचं घर बोदलकसा तलावाच्या बाजूचं, पाण्यावर जगणारं. एरवी मासे, आणि पावसाळा सरला की शिंगाडे. पारबता वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी पाचवीत होतो. दादा डोंग्यातून शिंगाडे तोडून आणायचा, दोघं मिळून ते मोठ्या गंजात उकडायचे, सोलायचे, आणि वहिनी टोपली घेऊन एस.टी.नं जवळच्या गोरेगावच्या बाजाराला जायची. उकडलेल्या शिंगाड्याचा काळा रंग नखांत आणि पेरांत असा बसतो की लिंबू घासा, राख घासा, तो आपल्या मर्जीनंच जातो. शाळेत मला डबा द्यायला ती त्याच हातांनी यायची. पोरं हसायची, मला लाज वाटायची, आणि एकदा मी तिला म्हणालो की तू फाटकाबाहेरच थांबत जा. ती थांबली. दुसऱ्या दिवसापासून फाटकाबाहेरून माझ्या नावानं अशी हाक मारायची की मास्तरसुद्धा खिडकीत यायचे. दादा दिवसातून दहा वाक्यं बोलणार, आणि उरलेली सगळी हिची.

मला तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रेची नोकरी लागली तेव्हा ती नवं लुगडं नेसून आली आणि म्हणाली, "काढ माझा फोटू." मी सांगितलं, वहिनी, हा तसला फोटो नाही, काही झाल्याशिवाय काढत नसतात, किरणं वाईट असतात. झालं, तिला आयुष्यभर पुरेल एवढं हत्यार मिळालं. घरी पाहुणा आला की सुरू व्हायची, "आमचा बाबू साऱ्या दुनियेचे फोटू काढते जी, पन वयनीचा एक नाही काढला अजून." वीस वर्षं मी हे ऐकलं. वीस वर्षं मी हसलो.

आता त्या दिवसाकडे येतो... सहा दिवस ताप होता, खोकला होता. गावात तशी साथच होती. दादानं तिला मोटरसायकलवर बसवून आणलं. पायऱ्या ती स्वतः चढली. धाप नाही, घरघर नाही, तोंड नेहमीसारखं चालू. "मले कायले आनलं इथं? मी बरी आहो. तिकडे गंज चुलीवर ठेवून आली मी." सिस्टरनं तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची मशीन लावली आणि माझ्याकडे पाहिलं. त्र्याऐंशी.

त्र्याऐंशी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. रस्त्यावरच्या माणसालाही आता ठाऊक आहे. पण कोरोनाच्या वर्षी आमच्या मोहल्ल्यात एक गोष्ट घडली होती. शिंगाडे सोलणाऱ्या चार बायकांच्या बोटांवर मशीन कमी दाखवत होती म्हणून त्यांना उचलून गोंदियाला नेलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या चौघी धडधाकट परत आल्या. तेव्हापासून आमच्या घरांत पक्कं झालं होतं की काळ्या बोटावर मशीन चुकते. मीच ते चार लोकांत हसून सांगायचो. त्या बायका शिंगाडे धुऊन गार पाण्यातून नुकत्याच उठून आल्या होत्या, बोटं थंडगार पडली होती, हे कारण असू शकतं, एवढा विचार शिकलेल्या माणसानं करायला नको होता का? मी केला नाही. मी सिस्टरला म्हणालो, "शिंगाड्याचा डाग आहे, ताई. आमच्याकडे असंच येतं." दादा दाराशी तसल्याच काळ्या बोटांनी तिची पिशवी धरून उभा होता, त्यानंही मान हलवली. मी वहिनीच्या एकेक बोटाला मशीन लावत गेलो. एका करंगळीवर क्षणभर एक्क्याण्णव आलं. मी तेच लिहायला लावलं. दहा बोटांपैकी नऊ खरं बोलत होती आणि मी दहाव्याचं ऐकलं.

मग एक्स-रे. ती खूश झाली. "आता तरी नीट काढ जी, बाबू." मी म्हणालो, दीर्घ श्वास घे. तिनं घेतला आणि अर्ध्यातच खोकली. पुन्हा घेतला, पुन्हा खोकली. फिल्म आली तर खालचा भाग दोन्हीकडे धूसर. श्वास पुरता घेतला नाही तर फुप्फुसाचा तळ तसा दिसतो, हे आम्हाला शिकवलेलं असतं. डॉक्टरसाहेब नवे होते, बाहेर पेशंटची रांग होती. ते म्हणाले, "खाली काहीतरी दिसतंय." मी म्हणालो, "साहेब, श्वास धरला नाही तिनं. माझी वहिनी आहे." त्यांनी माझ्या अनुभवाचा मान ठेवला. गोळ्या लिहून दिल्या, दोन दिवसांनी दाखवा म्हणाले. जाताना वहिनी दादाला म्हणाली, "पाह्यलं? उगाच घाबरून राहिले होते."

दोन दिवसांनी सकाळी दादानं तिला परत आणलं तेव्हा ती पायऱ्या चढली नाही. ओठांचा रंग गेला होता. तरी मला पाहून म्हणाली, "बरी आहो." मशीनवर अडुसष्ट. या वेळी मी बोटं बदलली नाहीत. एक्स-रे तिला बसवून काढला. पडद्यावर आला तेव्हा मला आधी वाटलं, काहीतरी चुकलंय, कारण दोन्ही बाजूंना पेज सांडल्यासारखं पांढरं होतं आणि हवेचा काळा रंग वरच्या कोपऱ्यात बोटभर उरला होता. ऑक्सिजन लावून गोंदियाला नेलं. तिथे सीटी झाला. तिथला डॉक्टर म्हणाला, विषाणूचा निमोनिया आहे, यात रक्तातला ऑक्सिजन उतरत जातो आणि पेशंटला दम लागल्याचं कळतसुद्धा नाही, दो दिन पहले लाते तो बात अलग थी. दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला वाटलं, डॉक्टर त्यालाच बोलतोय. तो हात जोडून म्हणाला, "गलती झाली, साहेब." मी शेजारी उभा होतो आणि मी गप्प बसलो. पाच दिवस ती व्हेंटिलेटरवर होती, आणि पाच दिवस मी गप्प बसलो. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला दादा सांगत होता की बाबू दवाखान्यात होता म्हणून तिले इलाज तरी भेटला. मी पत्रावळी मांडत होतो. धरणी दुभंगावी असं म्हणतात, ते मला त्या दिवशी समजलं.

मागच्या आठवड्यात घरी गेलो. वहिनीनं ज्यांना शब्द दिला होता त्यांच्यासाठी दादानं शेवटच्या तोडीचे शिंगाडे एकट्यानंच उकडले होते. चुलीपाशी बसून सोलत होता आणि मधूनमधून खोकत होता. हल्ली ती मशीन माझ्या खिशात असते, कुणी खोकलं की मी बोट मागतो. दादानं सुरी खाली ठेवली आणि हात पुढे केला. बोटं काळीकुट्ट, नखांत तोच रंग. खरं सांगतो, तो आकडा कमी यावा असं मला वाटत होतं. माझा भाऊ खोकतोय आणि मी देवाकडे मागत होतो की आकडा कमी येऊ दे, काळ्या बोटावर मशीन चुकू दे...

अठ्ठ्याण्णव.

दुसऱ्या बोटाला लावली. सत्त्याण्णव. अंगठ्याला लावली. अठ्ठ्याण्णव. मी दुसरा हात मागितला तेव्हा दादानं तो दिला नाही. मशीनकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे.

"बराबर दाखवते ना हे?"

"हो, दादा."

त्यानं आपली बोटं उलटीपालटी करून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी माह्या बोटाले लावून पाह्यलं असतं. मी तं तिथंच उभा होतो, बाबू."