ताडगावची खेप

चामोर्शीपासून भामरागडपर्यंतच्या रस्त्यावर श्रावण रामटेकेला लोक ओळखायचे ते कांताचा नवरा म्हणून. गाडी त्याची, चालवायचा तो, पण दाराशी पिकअप थांबली की बाया हाक मारायच्या ती कांतालाच.

पहाटे चंद्रपूरहून मोठी गाडी चामोर्शीच्या गोदामात माल टाकून जायची. चपला, साड्या, मिक्सर, मोबाईल, शाळेची दप्तरं, लोकांनी ऑनलाइन मागवलेलं सगळं. गावागावांप्रमाणे माल वेगळा झाला की श्रावण आपली पिकअप भरून निघायचा. एक दिवस मुलचेऱ्याकडची बंगाली गावं, दुसऱ्या दिवशी आलापल्लीवरून थेट भामरागड.

कांता गाडीत आली ती पोरीच्या लग्नानंतर. हर्षा एकुलती एक. ती भद्रावतीला सासरी गेली आणि कांताला घर खायला उठलं. "मले न्या तुमच्यासंग. घरात काय भिंतीशी बोलू?" ती म्हणाली. दोन दिवसांसाठी म्हणून बसली, ती सहा वर्षं उतरली नाही.

श्रावण चौथी शिकलेला, कांता दहावी. पाकिटावरचे इंग्रजी पत्ते ती वाचायची. पत्ते तरी कसले, 'शाळेजवळ, मोहाच्या झाडासमोर'. अर्ध्या गावाचं आडनाव मडावी. त्यातला कोणता मडावी कोणाचा जावई, कोण धान विकल्याशिवाय पार्सल सोडवणार नाही, हे कांताला तोंडपाठ. बायांना चपलेचं माप सांगायची, साडी आवडली नाही तर परत कशी पाठवायची ते समजावायची. आणि चालत्या गाडीत अखंड बोलायची. श्रावण 'हाव' नि 'नाई' एवढंच म्हणायचा. त्याला वाटायचं, आपण फार ऐकत नाही. पुढं कळलं, शब्द न् शब्द ऐकला होता.

मागच्या उन्हाळ्यात कंपनीनं सगळ्या गाड्यांच्या केबिनमध्ये कॅमेरे बसवले. ड्रायव्हरशिवाय दुसरं माणूस दिसलं की गाडी कामावरून बंद. गोदामाचा सुपरवायझर धनराज वाईट माणूस नव्हता. दोन-तीन वेळा त्यानं वर काहीबाही सांगून निभावलं. मग एक दिवस श्रावणला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, आता माह्या हातात नाई राह्यलं. बाईले घरी राहू दे."

"गाडी माही, बायको माही," श्रावण म्हणाला.

"मले समजते ना, भाऊ. पण काम त्याइचं आहे."

कांतानंच विषय संपवला. "माह्यापायी लागलेलं काम सोडू नका. राहीन मी घरी." दुसऱ्या दिवशी तिनं डबा भरून दिला आणि दारात उभी राहिली. श्रावणनं आरशात पाहिलं, गाडी वळेपर्यंत ती आत गेली नव्हती. गाडी काढून दुसऱ्या कोणाच्या कामाला लावता आली असती. त्यानं लावली नाही. म्हटलं, बघू पुढं.

महिनाभर कांता घरात बसली. जुलैत रोवणे सुरू झाले, तशी ती शेजारणीसोबत धान रोवायला जाऊ लागली. मजुरीसाठी नाही, चार बायांत बोलणं होतं म्हणून. एका बुधवारी दुपारी बांधावरची पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, पेंडी उचलायला तिनं हात घातला आणि खालच्या नागानं तिच्या मनगटाला चावा घेतला.

बायांनी तिला ऑटोत घालून चामोर्शीला आणलं. तिथून गडचिरोलीला पाठवलं. पहिला तासभर ती शुद्धीवर होती. "हर्षाच्या बाबाले फोन लावा," एवढंच म्हणत होती. शेजारणीनं लावला, धनराजनं लावला. श्रावण भामरागडच्या वाटेवर पेरमिलीच्या पुढं होता. पावसानं त्या दिवशी तिकडं रेंजच नव्हती. गोदामातल्या स्क्रीनवर त्याची गाडी कुठं थांबली तेवढं शेवटचं दिसत होतं, पण त्याच्यापर्यंत निरोप पोचवायला कोणी नव्हतं. गडचिरोली यायच्या आतच कांता गेली.

श्रावणला ते आलापल्लीत कळलं. चहाच्या टपरीसमोर गाडी लावली तसा खिशातला फोन वाजतच सुटला. पस्तीस मिस्ड कॉल. त्यानं धनराजला लावला.

"भाऊ, गाडी तिथीच ठेव. दुसऱ्याच्या गाडीनं ये."

"काऊन? काय झालं?"

"तू ये आधी, भाऊ."

"कांताले काही झालं का?" श्रावणनं विचारलं, आणि पलीकडून रडण्याचा आवाज आला.

त्रिशरण-पंचशील झालं, माती झाली, पाहुणे आले नि गेले. हर्षा म्हणाली, "बाबा, चला माह्याकडे." तो म्हणाला, "येतो नंतर." बाराव्या दिवशी तो गोदामात उभा राहिला. धनराज म्हणाला, "अजून राहा ना घरी." श्रावणनं पाकिटं उचलायला घेतली.

त्याला वाटलं होतं, रस्त्यावर बरं वाटेल. पण रस्त्यावर कोणाला काही माहीत नव्हतं. कांता दीड-दोन महिन्यांपासून गाडीत नाही एवढंच लोकांना ठाऊक. गाडी थांबली की बाई बाहेर यायची, "कांताबाई कुठी?" श्रावण सांगायचा. बाई तोंडाला पदर लावायची, कसं झालं, कधी झालं विचारायची. तो पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. मग पार्सल देऊन पुढच्या गावाला. मुलचेऱ्याकडच्या एका गावात शिवणकाम करणारी रीता मंडल धावत आली ती हातात ब्लाऊज घेऊन. "भाभी का ब्लाऊज रेडी है, भैया. बाही थोडी लांब ठेवली, तिनं सांगितलं तशी." श्रावणनं तो घेतला. सांगितलं. रीता रस्त्यातच खाली बसली. त्या दिवशी त्यानं ते अकरा वेळा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भामरागडच्या रस्त्यावर ताडगावला गाडी लागली तेव्हा ते पुन्हा सांगायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. तिथली अंगणवाडीची कमळाबाई आसपासच्या पाड्यांसाठी सामान मागवायची. सगळी पार्सलं तिच्या नावानं यायची, म्हणून कांता तिथं अर्धा तास तरी बसायचीच. दोघींचं काय बोलणं व्हायचं देव जाणे, पण हसणं गाडीपर्यंत ऐकू यायचं.

"आज पण नाई आणली का बाईले?" कमळाबाईनं विचारलं.

"घरी आहे," श्रावण म्हणाला. "बरं नाई तिले."

शब्द तोंडातून निघून गेले. कमळाबाई आत गेली आणि पानात बांधलेले वास्ते घेऊन आली, बांबूचे कोवळे कोंब. "तिले आवडते. सांगजो, लवकर बरी हो म्हणा."

त्यानं सांगतो म्हटलं. घरी येऊन वास्ते चिरले, शिजवले आणि ताटासमोर बसून राहिला.

पुढच्या खेपेला खरं सांगायचं, असं त्यानं ठरवलं. पण कमळाबाईनं विचारलं, "जेवते का आता?" आणि तो म्हणाला, "थोडं थोडं." त्याच्या पुढच्या वेळी म्हणाला, "उठून बसते." कमळाबाईनं कधी मध दिला, कधी तापाची मुळी. "काय म्हणे मग?" ती विचारायची, आणि श्रावण, जो जन्मभर 'हाव' नि 'नाई' म्हणत आला, तो सांगायचा. म्हणे, पाऊस लई झाला. म्हणे, तुमच्या पोरीची साडी आली का विचारा. कांता जशी बोलायची तसंच तो बोलायचा. सगळ्या रस्त्यावर ती मेली होती. ताडगावात तेवढी ती आजारी होती. भामरागडच्या खेपेच्या आदल्या दिवशी तो दाढी करू लागला.

सप्टेंबरच्या एका रविवारी दारावर थाप पडली. कमळाबाई उभी होती. पहाटेची एसटी धरून, कांतानं कधी सांगितलेल्या खुणांवर घर शोधत आली होती, काखेत पिशवी, पिशवीत पाय बांधलेली कोंबडी. "म्हटलं, बाईले पाहूनच येतो. कुठी आहे?"

श्रावण बाजूला झाला. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्यांच्या खाली कांताचा, हार घातलेला.

कमळाबाई फोटोपुढं जाऊन उभी राहिली. मग वळली. "कधी?"

"रोवण्यात."

"म्हणजे मी मध दिला तेव्हा..."

श्रावणनं मान हलवली.

"भाऊ, मले काऊन नाई सांगितलं? मी काय परकी होतो?" तिनं कोंबडीची पिशवी खाली ठेवली. "दर वेळी तिच्यासाठी वाट पाहून राह्यलो मी. तिचे निरोप माह्या पोरीले सांगून राह्यलो."

"सांगणार होतो, बाई. दर वेळी सांगणार होतो." तो भिंतीला टेकून खाली बसला. "पण तुमी विचारत होते ना, जेवते का, उठते का. तसं कोणीच नाई विचारत आता."

माती देताना तो रडला नव्हता. आता लहान लेकरासारखा हमसून रडला. कमळाबाई त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून रडली. तिनं त्याला माफ केलं असं म्हणाली नाही, रागही काढला नाही. दुपारी चूल पेटवून दोघांपुरता भात घातला. कोंबडी तिनं सोडून दिली. तीनच्या एसटीनं ती परत गेली.

मंगळवारी ताडगावची खेप होती. कमळाबाई फाटकाशी आली, पार्सलं घेतली, सही केली. दोघं एकमेकांकडं पाहून खाली पाहू लागले. तिनं काही विचारलं नाही. विचारायला काही राहिलंच नव्हतं. पेरमिलीपर्यंत आल्यावर श्रावणनं गाडी कडेला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून बराच वेळ थांबला.

त्या आठवड्यात त्यानं धनराजला सांगितलं, "भामरागडची लाईन दुसऱ्याले दे." आता श्रावण फक्त मुलचेऱ्याकडं जातो. संध्याकाळी हर्षाचा फोन येतो, जेवले का बाबा, म्हणून. तो हाव म्हणतो. ताडगावला तो परत कधी गेला नाही.