तिसऱ्या खांबाची काच

माझा दादा एकतीस वर्षं पुलाच्या भेगांवर काचा चिकटवत होता. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नेमकं काय? तर नेमकं असं. जुन्या पुलाच्या दगडी खांबाला भेग पडली की ती जागा ब्रशने घासून काढायची, भेगेवर बोटभर लांबीची पातळ काचेची पट्टी आडवी धरायची आणि तिची दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करायची. मग टोकाला हिरकणी बसवलेल्या लेखणीने पट्टीवर त्या दिवसाची तारीख कोरायची. भेग गप्प राहिली तर काच शाबूत राहते, आणि ती केसभर जरी हलली तरी काच तडकते. काचेला खोटं बोलता येत नाही, असं दादा म्हणायचा. ते वाक्य ऐकून ऐकून मला वीट आला होता.

दर मंगळवारी तो होडीतून सातही खांबांभोवती फिरायचा, शिडी लावून प्रत्येक काच बोटाने चाचपायचा आणि वहीत नोंद करायचा. बांधकाम खात्यात त्याचं नाव कोणी घेत नसे, सगळे काचवालेच म्हणत. त्याने लग्न केलं नाही. माझा नवरा गेल्यावर मी माझं शिवणयंत्र घेऊन त्याच्या दोन खोल्यांच्या सरकारी घरात आले, ती तिथेच राहिले. एक खोली माझी आणि माझ्या कापडांची, दुसरी त्याची आणि त्याच्या काचांची. तीन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. तेव्हापासून तो चहा अर्धाच कप घ्यायचा, सांडू नये म्हणून, आणि दाढी करून आला की हनुवटीवर कागदाचे दोन-तीन तुकडे चिकटवलेले असायचे. निवृत्तीला अकरा महिने उरले होते.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी संशयी आहे. भाजीवाल्याने वरून दोन मिरच्या जास्त टाकल्या तरी मला वाटतं, याने वजनात मारलं असणार. या स्वभावापायी मी चार माणसं तोडली आणि दोनदा फसवणुकीतून वाचले, त्यामुळे मला त्याची लाज वाटत नाही.

त्या दिवशी सकाळी साडेआठला वाळूने भरलेला बार्ज, म्हणजे सपाट तळाची मोठी मालवाहू नाव, तिसऱ्या खांबाला लागला. पूल बांधला तेव्हा बार्ज लहान असायचे. आता ते दुप्पट रुंद झाले होते, पण दोन खांबांमधली जागा काही कोणी वाढवली नव्हती. पाण्याला ओढ होती, बार्जचा मागचा भाग फिरला आणि खांबाला घासत गेला. आमच्या खिडकीतून पूल समोर दिसतो, मी तिथे दोरा ओवत होते. आवाज मोठा नव्हता, कपाट सरकवल्यासारखा होता. पण मग खांबाचे दगड एकामागून एक पाण्यात पडले आणि वरचा रस्ता वीतभर खचला. एक सायकलवाला कठड्यावर आपटला, त्याचा पाय मांडीपासून मोडला. मागून येणारी बस जेमतेम थांबली. दुपारपर्यंत पूल बंद झाला. पलीकडच्या दवाखान्यात जायला दहा मिनिटं लागायची, तिथे आता दीड तासाचा वळसा पडला. माझी अर्धी गिऱ्हाइकं पलीकडची, ती तुटलीच.

बार्जच्या सुकाणूवाल्याला त्याच दिवशी धरलं. सगळं गाव त्याच्या नावाने बोटं मोडत होतं. कोणी म्हणालं प्यायला होता, कोणी म्हणालं झोपला होता. तो मात्र एकच सांगत होता, "मी घासलो, मान्य. पण एवढ्याशा धक्क्याने पूल खचत नाही. खांब आधीच गेला होता." ते कोणी मनावर घेतलं नाही. मीही नाही. चोर काय, मी चोरी केली म्हणेल थोडाच?

पण दादाचं काहीतरी बिनसलं होतं. पूल पडता पडता राहिला, एकतीस वर्षांचं काम, माणूस गप्प होणारच, असं मी आधी धरून चालले. मग त्याने आपल्या लोखंडी पेटीला कुलूप लावलं. त्या घरात आजवर कुलूप फक्त बाहेरच्या दाराला होतं. दुसऱ्या दिवशी एक बाई आली, चाळिशीची, पायात पुरुषाच्या चपला. माझ्याकडे न बघता "काचवाले आहेत का" विचारलं आणि दादा लगेच तिला घेऊन बाहेर नदीच्या कठड्याशी गेला. तिसऱ्या दिवशी ती परत आली. ती बोलत होती आणि दादा मान खाली घालून उभा होता. मी पडद्याआडून पाहिलं. सत्तावन्नाव्या वर्षी माझा भाऊ कुठे गुंतला की काय, हा पहिला विचार माझ्या डोक्यात आला. हसू नका, तुम्हीही तोच केला असता.

ती गेल्यावर मी सरळ विचारलं, "कोण ही?"

"सुकाणूवाल्याची बायको."

"मग आपल्याकडे काय काम?"

"विचारत होती, तिसऱ्या खांबाची काच धडक बसायच्या आधी शाबूत होती का."

"मग? काय सांगितलंस?"

"शाबूत होती म्हणालो." असं म्हणून तो अंघोळीला गेला. सकाळी एक अंघोळ झालेली असताना.

माझ्या संशयाला आता दिशा मिळाली. खुंटीवरच्या त्याच्या शर्टाच्या खिशात किल्ली होती. मी पेटी उघडली. खात्याने चौकशीसाठी तिसऱ्या खांबाची काच काढून आणायला त्यालाच पाठवलं होतं, आणि ती उद्या जमा करायची होती. फडक्यात तिचे दोन तुकडे होते, टोकांना सिमेंट. मी ते जुळवले. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. म्हणजे खांब अकरा वर्षं जागचा हलला नव्हता आणि धडकेने काच फुटली. सुकाणूवाला खोटारडा, विषय संपला. मी फडकं परत गुंडाळणार, एवढ्यात आकड्यांकडे पुन्हा नजर गेली.

आकडे थरथरत होते. दोनाची शेपटी तीन ठिकाणी मोडलेली, शून्याचं तोंड न मिटलेलं. अकरा वर्षांपूर्वी माझ्या दादाचं अक्षर मोत्यासारखं होतं. माझ्या कात्रीवर, माझ्या मोजपट्टीवर त्याने तेव्हा कोरलेले आकडे मी रोज बघते. हे आकडे तीन वर्षांच्या आतल्या हाताचे होते.

तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा मी तुकडे हातात घेऊनच बसले होते. त्याने ते पाहिलं आणि पलंगावर बसला.

"केव्हाची आहे ही?" मी विचारलं.

"दोन महिन्यांपूर्वीची."

"आणि त्याआधीची?"

"फुटली. त्याआधीचीही फुटली. दोन वर्षांत चार काचा बदलल्या."

पहिली फुटली तेव्हा तो साहेबांकडे गेला होता. साहेब म्हणजे पुलाचे अभियंता, त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. साहेब म्हणाले, दुरुस्ती पुढल्या वर्षी मंजूर होते आहे, आत्ता काच फुटल्याची नोंद झाली तर पूल बंद करावा लागेल, वरून विचारणा होईल, माझ्या नाकी नऊ येतील. नवी काच लावा आणि जुनीच तारीख टाका. पुढलं वर्ष आलं, दुरुस्ती आली नाही. काच फुटत राहिली, दादा लावत राहिला. वहीत दर मंगळवारी लिहीत राहिला, खांब तीन, शाबूत.

"तू वेडा आहेस का?" मी ओरडले. "सायकलवाल्याच्या जागी बस असती तर?"

"मी दर मंगळवारी तेच मोजत होतो," तो म्हणाला. "वरून किती बस जातात ते."

मला राग आला, इतका की हातातले तुकडे फेकून द्यावेसे वाटले. पण खरं सांगते, पुढच्याच क्षणी मी हिशेबी झाले. अकरा महिने उरलेत. याने तोंड उघडलं तर साहेब हात वर करणार, नोकरी जाणार, निवृत्तिवेतन जाणार, हे घर जाणार, आणि वर गुन्हा. न उघडलं तर? तो सुकाणूवाला तुरुंगात जाईल. तो आपला कोण?

"उद्या काच जमा कर आणि गप्प बस," मी म्हणाले. "विचारलं तर तारीख वाचून दाखव. आकडे कोणाला कळत नाहीत. मला कळतात, कारण मी तुझी बहीण आहे."

"तुला..." तो काहीतरी म्हणणार होता. मग नुसतीच मान हलवली आणि हनुवटीवर कागद चिकटवायला आरशासमोर गेला.

पुढचे दहा दिवस मी त्याच्यावर पाळत ठेवली. तो कोणाशी बोलतो, कुठे जातो, रस्ता बदलून त्या बाईच्या घराकडे तर वळत नाही ना. ती एकदा पाणवठ्याच्या वाटेवर मलाच भेटली. म्हणाली, "ताई, त्यांना विचारा ना परत एकदा. माझा माणूस खोटं बोलत नाही हो." मी म्हटलं, "सगळ्या बायकांना तसंच वाटतं." ती वाटेला लागली. घरी येऊन मी एक बाही उलटी शिवली आणि सगळी उसवली.

चौकशी खात्याच्या वरच्या मजल्यावर झाली. लांब टेबल, फायलींवर ठेवलेले दगड, खिडकीतून दिसणारा मोडका पूल. चौकशी करणाऱ्या बाई किरकोळ अंगाच्या, स्वतःच्या हाताने सगळं लिहून घेणाऱ्या. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला पोलिसाबरोबर सुकाणूवाला, दाराशी त्याची बायको. दादाला कागद धरता येत नाहीत म्हणून मला मागच्या बाकावर बसू दिलं होतं. मी तिथून त्याच्या मानेकडे बघत होते. बोलू नकोस, बोलू नकोस, एवढंच मनात चाललं होतं.

बाईंनी काचेचे तुकडे पुढे केले. "ही पट्टी तुम्ही लावलीत?"

"हो."

"यावरची तारीख तुम्ही कोरलीत?"

"हो."

"म्हणजे धडकेपूर्वी अकरा वर्षं ही पट्टी अखंड होती."

दादाने खिशातून एक कोरी पट्टी आणि लेखणी काढली, पट्टी टेबलावर ठेवली आणि तीच तारीख पुन्हा कोरायला घेतली. काचेवर हिरकणीचा करकर आवाज होत होता. हात इतका हलत होता की डाव्या हाताने त्याला मनगट धरावं लागलं. एक तारीख कोरायला त्याला पाच मिनिटं लागली असतील. मग त्याने ती पट्टी तुकड्यांच्या शेजारी सरकवली.

"अकरा वर्षांपूर्वी माझा हात स्थिर होता," तो म्हणाला. "त्या वेळच्या काचा पाचव्या खांबावर अजून आहेत, बघून घ्या. ही दोन महिन्यांपूर्वीची आहे. तिसरा खांब दोन वर्षं हलत होता. या माणसाने फक्त शेवटचा धक्का दिला."

सुकाणूवाल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला दादाच्या मुस्कटात मारावीशी वाटली आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं, दोन्ही एकदमच.

"जुनी तारीख टाकायला कोणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"साहेबांनी."

साहेब ताडकन उठले. "साफ खोटं आहे. मी असं कधीच सांगितलं नाही. यांचा हात चालत नाही म्हणून यांनी कामात चालढकल केली आणि आता माझ्यावर ढकलतायत. काही पुरावा आहे का?"

"लेखी काही आहे?" बाई दादाला म्हणाल्या.

"नाही."

"तेव्हा तिथे आणखी कोणी होतं?"

"नाही."

"निदान त्या दिवसांत तुम्ही हे कोणाला सांगितलंत? मित्राला, घरी? नीट आठवा. नाहीतर हे तुमच्या एकट्यावर येतं."

दादा अर्धा वळला. त्याने माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच, आणि परत टेबलाकडे तोंड केलं. "नाही," तो म्हणाला. "कोणालाच नाही."

आणि तेव्हा मला आठवलं.

दोन वर्षांपूर्वी मला शाळेचे ऐंशी गणवेश शिवून द्यायचे होते. मी यंत्रावर होते, चार दिवसांची झोप डोळ्यांवर. दादा दारात उभा होता, हाताला सिमेंट लागलेलं. म्हणाला, "साहेब म्हणतायत जुनीच तारीख टाक. काय करू?" मी पायडलवरचा पाय उचलला नाही. मान वर केली नाही. म्हणाले, "साहेब म्हणतायत ना? मग टाक. पूल काय तुझ्या बापाचा आहे?" तो हसला होता, कारण आमचा बाप एकच. आणि तो गेला होता, तारीख टाकायला.

दोन वर्षं तो हे बोलला नाही. पेटी उघडून मी त्याच्यावर ओरडले तेव्हाही नाही. आणि आता, स्वतःचा एकुलता एक साक्षीदार मागच्या बाकावर बसलेला असताना, तो मला वाचवायला खोटं बोलत होता.

मी उठले. "मला सांगितलं होतं."

"बस खाली," दादा मागे न बघता म्हणाला.

"दोन वर्षांपूर्वी, पहिली काच फुटली त्याच दिवशी. साहेब जुनी तारीख टाकायला सांगतायत, असं तो म्हणाला. मी म्हटलं, टाक. तेही लिहून घ्या."

बाईंनी लिहून घेतलं. साहेब खुर्चीत बसले आणि रुमाल शोधू लागले. मी सही केली, दादाच्या सहीखाली.

बाहेर जिन्यात सुकाणूवाल्याची बायको उभी होती. नवरा सुटणार होता, तिने आनंदाने रडायला हवं होतं. ती मला न्याहाळत होती.

"म्हणजे तुम्हाला दोन वर्षं माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी वाटेत मी तुमच्यापुढे हात जोडत होते, तेव्हाही."

मी विसरले होते, असं तिला सांगावंसं वाटलं. ते खरंही होतं. पण तिच्या जागी मी असते तर असल्या बाईवर मी जन्मात विश्वास ठेवला नसता. म्हणून मी फक्त "हो" म्हणाले.