चाळिसावा फोटो

"ज्या जोडाशेजारी माझा नंबर, त्याचा जाब मला विचारा," असं प्यो मानसोक कायम म्हणायचा. गोजे बेटावरच्या जहाज कारखान्यात एकतीस वर्षं त्याने वेल्डिंग केलं आणि प्रत्येक जोडाशेजारी खडूने आपला नंबर लिहिला. मग कारखान्याने माणसं कमी केली, आणि त्याला ज्ञानयुगाचा कामगार बनवायला प्रशिक्षण केंद्रात बसवलं.

आज शेवटची परीक्षा होती. पडद्यावर जोडांचे फोटो यायचे. चांगला की वाईट, एवढंच दाबायचं. त्यावरून यंत्र पारख शिकणार होतं. पास झाला तरच नवी नोकरी.

चाळिसाव्या फोटोतल्या जोडाला केसाएवढी चीर होती. मानसोकने 'वाईट' दाबलं. लाल फुली आली आणि पुढचा फोटो येईना.

"काका, उत्तर 'चांगला' आहे," तरुण मास्तर म्हणाला. "तेच दाबा."

"अहो, चीर आहे ती! भर समुद्रात उघडेल."

"तुम्हाला कुठे त्या जहाजात बसायचंय? पास व्हा की!"

कारखान्याच्या खानावळीत राबलेली मोकसुन बाई शेजारून म्हणाली, "दाबा हो, बोट झिजणार आहे का तुमचं?"

वर्ग हसला. मानसोकने हात मागे घेतला. अंगावर कधी ठिणगी न घेतलेली माणसं यंत्राला खोटं पढवत होती, आणि त्याला शिक्षण म्हणत होती.

"शी!" म्हणून तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि चालू लागला.

तो फाटकाबाहेर जाईपर्यंत मोकसुन बाई खिडकीतून बघत राहिली. तिच्या पडद्यावर तोच फोटो थांबलेला होता; तिने अजून काहीच दाबलं नव्हतं.