अनुस्वारापुरती जागा

सकाळी कॉम्प्युटर उघडला आणि ‘चिंता’ या शब्दावरच्या टिंबाकडे बघत राहिलो.

मी प्रोग्रामिंग कुणाकडे शिकलो नाही. चुकत चुकत शिकलो. त्यामुळे कोडमधल्या माझ्या टिपा मराठीतच असतात. ज्या एडिटरमध्ये मी कोड लिहितो, त्याच्या नव्या रूपात ओळी इतक्या दाटीने बसवल्या होत्या की वरचे अनुस्वार कापले जात. ‘चिंता नको, हे चालतं’ या टिपेचं ‘चिता नको’ झालं. मी संतापून अभिप्राय पाठवला. उत्तर आलं, ‘ही फार थोड्यांची अडचण आहे.’ ते वाक्य अजून बोचतं. पण मी सोडतो होय? पुन्हा लिहिलं, पुन्हा भांडलो.

शेवटी एडिटर बनवणाऱ्यांपैकी एका मुलीने मराठीत विचारलं, ‘काका, नेमकी किती जागा हवी?’

‘अनुस्वाराचं डोकं आपटणार नाही एवढी.’

‘थोडी कमी चालेल?’

‘तुमच्या घराचं छप्पर थोडं खाली घेतलं तर चालेल?’

मला वाटलं, ती दुखावली.

आज बाकावरच्या माणसांनी सरकून घ्यावं तशा ओळी सरकल्या आहेत. कुणी मोठं घर मागत नसतं. ताठ बसता यावं, एवढंच मागणं असतं. ते ऐकायला पलीकडे कुणीतरी असावं लागतं.

रफार अजून थोडा वर टेकतो. तेही मागणार आहे, पण आज नाही. आज तिला एवढंच लिहिलं, ‘पोरी, आनंद झाला.’

टिंब दिसतंय ना, ते बघूनच पाठवलं.