खळ्यावरचा चेंडू

"आजी, सांग ना पप्पांना, मी नाही टाकला!"

नऊ वर्षांची नात माझ्याकडे बघून ओरडत होती. मी खळ्यावर बसलेली, उजवं मनगट वाकडं झालेलं, चेंडू भिंतीपाशी पडलेला. माझ्या मुलानं तिचा दंड धरला होता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, "चेंडू लागला मला." मुलानं तिच्या थोबाडीत दिली.

खरं काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्यालाही नाही. तुम्हाला सांगते — ऐका आणि मधे बोलू नका.

आम्ही मोशीचे जुने. शेतात इमारती उभ्या राहिल्या, घरापुढचं खळं तेवढं राहिलं. आता मळणी कुठली? उन्हाळ्यात मी तिथं कुरडया वाळत घालायची. शेजारी भाड्याच्या इमारतीत नातीची शाळा, तिला मैदान नाही. तिथल्या सविता मॅडम आकुर्डीहून बसनं यायच्या. त्यांनी माझ्या मुलाला विचारून खळं मागून घेतलं आणि पोरांना चेंडू देऊन बाहेर काढलं.

मला ते खपेना. ओट्यावर बसून मी ऐकवायची, "फी भरायची आमी, आन पोरं चेंडू बडवनार? मग पगार चेंडूलाच द्या की!"

मॅडम हसायच्या. "आजी, तुम्हीपण या."

"व्हय, येते. लंगडी बी घालते!"

पण बघत मात्र होते. रोज. माझी नात पाढ्यांना रडायची, सातचा म्हटलं की तिच्या पोटात दुखायचं. इथं सात पोरं रिंगण करून उभी राहायची. प्रत्येकानं एक टप्पा पाडून चेंडू पुढच्याला द्यायचा, फेरी पुरी झाली की सगळ्यांनी आकडा ओरडायचा. सात. चौदा. एकवीस. आठवड्यात ती माझ्याशेजारी शेंगा सोलताना सातचा पाढा म्हणायला लागली — कुणी सांगितलं नव्हतं. फेक किती लांब गेली ते पोरं सुतळीनं मोजायची. चेंडू मातीवर कमी का उसळतो आणि कोब्यावर जास्त का, यावर भांडायची. तो निघोजे गावाच्या बाजूला गेला तर ती दिशा कोणती? मग त्यावर वहीत पाच ओळी लिहायच्या. वायव्य हा शब्द मी साठी उलटल्यावर त्या ओट्यावर बसून शिकले.

माझी शाळा चौथीत सुटली. पाढे छडीनं शिकवलेले, सातच्या पुढचे बसलेच नाहीत. हे कुणाला माहीत होतं? कुणालाच नाही. मी कळू दिलं नाही.

एका दुपारी पोरं चेंडू विसरून गेली. घरात कुणी नव्हतं. मी पदर खोचला आणि चेंडू उचलला. आठ वेळा भिंतीवर मारून झेलायचा, मग आकडा म्हणायचा. आठ. सोळा. चोवीस. मी हसत होते — एकटीच, मोठ्यानं. अठ्ठेचाळीस म्हणाले आणि पाय सरकला. हातावर आपटले.

माझी किंकाळी ऐकून नात पहिली धावत आली. शाळेतून चेंडूच न्यायला निघाली होती. तिच्यामागून माझा मुलगा आणि शेजारचे आले. त्यांनी चेंडू बघितला, तिला बघितलं, आणि जे समजायचं ते समजले.

मी खरं का बोलले नाही? म्हातारी चेंडू खेळताना पडली, तेही ज्या मॅडमला रोज नावं ठेवली तिचा खेळ — लोक हसले असते. बस, एवढंच. हसले असते म्हणून मी पोरीला मार खाऊ दिला.

मुलानं शाळेत जाऊन तमाशा केला आणि खळ्याला तारेचं कुंपण घातलं. मॅडम संत्री घेऊन आल्या, माझी माफी मागितली. मी संत्री खाल्ली. पुढच्या वर्षी त्या शाळेत नव्हत्या. पोरं परत वर्गात बसली. नातीनं पुन्हा चेंडूला हात लावला नाही, आणि आठचा पाढा यायचा होता तो आलाच नाही.

आता कुणी म्हणेल, म्हातारपणी होतं असं. होत नाही. माझं डोकं शाबूत होतं, आजही आहे. आणि चेंडूनं कुठं अभ्यास होतो का, असं म्हणणाऱ्याला माझ्यापुढं उभं करा. अठ्ठेचाळीसपर्यंत मी न अडखळता म्हणून दाखवते. ते खेळणं मला लाजिरवाणं वाटत नाही. त्यानंतर जे बोलले ते वाटतं.

माझं मनगट दोन महिन्यांत बरं झालं. नात मात्र 'आजीचा हात मोडणारी' म्हणून वाढली. पाहुण्यांसमोर, लग्नकार्यात, चेष्टेचेष्टेत. तिनं टाकला नव्हता हे तिला माहीत आहे, आणि मी खोटं बोलले हेही माहीत आहे.

तिचं नाव मनीषा. ती एकोणीस वर्षांची आहे. आम्ही एकाच घरात राहतो.