कमानपाट्याचा बोल्ट
गंजलेल्या लोखंडावर रॉकेल पडल्याचा वास आला, की अकोल्यातली ती जुनी मोटार आठवते. तिच्या चाकांचे धक्के झेलणाऱ्या कमानपाट्याचा जाम झालेला बोल्ट दोन दिवस कोणाकडूनच निघत नव्हता. मी खाली आडवं पडून, रॉकेल मुरवून, ठोकून ठोकून तो काढला आणि नवा आवळला. ज्यानं बोल्ट आवळला त्यानंच गाडीत बसून पाटे करकरतात का ते ऐकायचं, ही आमच्या वर्कशॉपची रीत. मी दार उघडलं, तसे मोटारीचे मालक म्हणाले, “बौद्ध झाला असशीन तू, पन गादी माही हाये. मांगून पयत ये, आवाज बाहेरूनबी आयकू येते.” आमचे उस्ताद खाली वाकून पाने गोळा करू लागले. पातूरच्या रस्त्यावर मी धूळ खात धावलो. पाटे जरासुद्धा करकरले नाहीत. आता मुलाच्या मोटारीत पुढं बसतो, पण गाडी सुटली की आधी मागच्या काचेतून बघतो, कोणी धावत येत नाही ना.